फोटो मढवताना हात कुठे आखडायचा, कुठे नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अंबाजोगाईत नवं घर झालंय. बैठकीत आणि जिन्याच्या भिंतीवर मिळून २२ फोटो-चित्रं लावायची आहेत. त्यात आजी-आजोबांच्या काळातले ६ कृष्णधवल फोटो, लग्नकार्याचे आणि सहलींचे १३ रंगीत, अजिंठ्याच्या पद्मपाणीचं एक पोस्टर आणि लेकीनं शाळेत असताना काढलेली २ चित्रं. दुकानात भाव विचारला आणि एकेका फ्रेमचा आकडा ऐकून तशाच परत आलात. तयार फ्रेमा टिकतील का, घरी काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. सहापैकी एक जुना फोटो काचेला चिकटलाय, त्याचं काय करायचं तेही. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो. तोवर त्याला हात लावू नका.

मी लातूरचा. गोलाईला, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेला, १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर २७ वर्षं फोटो मढवतोय. एवढ्या वर्षांत माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली आहे. फोटोला जे प्रत्यक्ष टेकतं, त्यात काटकसर करायची नाही. बाकी सगळीकडे करायची. लोक नेमकं उलटं करतात. सोनेरी नक्षीची रुंद पट्टी पसंत करतात, आणि आत फोटो रद्दी पुठ्ठ्यावर गोंदानं डकवला तरी विचारत नाहीत. पट्टी दहा वर्षांनी बदलता येते. डागाळलेला फोटो परत मिळत नाही.

आधी २२ चे दोन ढीग करा. एका ढिगात अस्सल, म्हणजे ज्याची दुसरी प्रत नाही ते. तुमचे ६ जुने फोटो आणि लेकीची २ चित्रं. दुसऱ्या ढिगात जे पुन्हा छापून मिळतं ते. १३ रंगीत आणि पोस्टर. दुसऱ्या ढिगावर खर्च अगदी कमी करा, तिथे काही बिघडलं तरी नवीन प्रिंट काढता येते. पहिल्या ढिगासाठी माझा सल्ला असा की जुने फोटो भिंतीवर लावूच नका. त्यांची प्रत काढून ती लावा आणि अस्सल फोटो कागदात गुंडाळून कपाटात, अंधारात, सपाट ठेवा. हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, कारण मग भिंतीवरच्या प्रतीला साधी चौकट चालते.

प्रत काढणं अवघड नाही. ४ × ६ इंचाचा फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन केला की २४०० × ३६०० ठिपके मिळतात. त्यातून ८ × १२ची प्रिंट ३०० डीपीआयला स्वच्छ निघते. स्टुडिओवाल्याला हाच आकडा सांगा, नाहीतर तो २०० ला स्कॅन करून मोठं करतो आणि आजीचा चेहरा पिठाळ दिसतो. छापताना करडा रंग तसाच ठेवायला सांगा. जुन्या फोटोतल्या साडीला, फेट्याला संगणकावर रंग भरून देतात, ते मला बरं वाटत नाही. साडी कुठल्या रंगाची होती हे त्या स्टुडिओतल्या पोराला कुठून माहीत असणार?

आपल्याकडे प्रत लावायचं आणखी एक कारण आहे. वडीलधाऱ्यांच्या फोटोला आपण हार घालतो. पुण्यतिथीला ताजा शेवंतीचा किंवा झेंडूचा हार, वर पाणी शिंपडलेलं. ते पाणी ओघळून काच आणि पट्टीच्या फटीतून आत उतरतं. फोटोच्या वरच्या कडेला तपकिरी लाट उठलेली दिसते ना, ती त्या हाराची असते. काचेवर लावलेलं कुंकू आणि खाली लावलेल्या उदबत्तीचा धूर हळूहळू त्याच फटीतून आत जातो. हार घालणं सोडा असं मी कधीच कुणाला सांगणार नाही. फ्रेम बंद करताना काच, फोटो आणि पाठ (फोटोमागचा पुठ्ठा किंवा फळी) यांच्या चारही कडांवरून एक पातळ टेप फिरवून घ्या, ती काचेच्या पुढच्या बाजूवर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर यावी. पट्टीच्या खाचेत ती झाकली जाते. दहा रुपयांचंही काम नाही, पण पाणी आणि कसर (कागद खाणारी कीड) दोन्ही अडतात.

आता पैशाचा मुख्य भाग, पट्टी. पट्टीचा हिशेब गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चौकटीला लागणारी पट्टी म्हणजे फोटोच्या चारही बाजूंची बेरीज आणि त्यात पट्टीच्या रुंदीची आठपट. ही आठपट चार कोपरे ४५ अंशात कापण्यात जाते. १२ × १८च्या फोटोला चार बाजू मिळून ६० इंच. पाऊण इंची पट्टी घेतली तर त्यात ६ इंच मिळवा, झाले ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. दोन इंची पट्टी घेतली तर ६० मध्ये १६ मिळवा, ७६ इंच. रुंद पट्टीचा फुटाचा भाव तर जास्त असतोच, वर लांबीही जास्त लागते. समजा पाऊण इंची फुटाला ३५ रुपये आणि दोन इंची ९० रुपये. तर त्याच फोटोला एकीकडे दोनशेच्या आत पट्टी बसते आणि दुसरीकडे पावणेसहाशेच्या घरात जाते.

पुढची गंमत बघा. सिंथेटिक पट्टी साधारण साडेनऊ फुटांच्या कांडीत येते, म्हणजे ११४ इंच. पाऊण इंची कांडीतून १२ × १८ची चौकट काढली की ४८ इंच उरतात. ८ × १०च्या चौकटीला लागतात ४२. म्हणजे एका कांडीत दोन चौकटी होतात. दोन इंची कांडीतून तीच १२ × १८ काढली तर ३८ इंच उरतात, आणि त्यात ५ × ७ची चौकटही होत नाही, तिला ४० लागतात. तो तुकडा दुकानदाराच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि त्याचा भार तुमच्या भावात येतो. म्हणून दुकानात गेलात की ‘एका कांडीत माझे दोन कोणते फोटो बसतील?’ असं विचारा. असं विचारणाऱ्या माणसाला दुकानदार भाव वेगळा सांगतो. मीही सांगतो. आणि कोपऱ्यातले तुकडे मागून घ्या. लहान फोटोंना वेगवेगळ्या तुकड्यांच्या चौकटी जिन्याच्या भिंतीवर सुरेख दिसतात, फक्त रंग एका कुळातले निवडा.

मापं आधी ठरवा, प्रिंट नंतर काढा. कॅमेऱ्याचा फोटो २:३ मापाचा असतो, तो ४ × ६, ८ × १२, १२ × १८ मध्ये न कापता बसतो. मोबाइलचा फोटो बहुतेक ३:४ असतो, त्याला ६ × ८ किंवा १२ × १६ बरं पडतं. मोबाइलचा फोटो ८ × १२ मध्ये बसवायला गेलं की कडेला उभ्या काकूंचा खांदा जातो. १३ फोटो १३ मापांत छापू नका. दोनच मापं ठेवा. एकाच मापाच्या सात चौकटी एका दमात कापल्या तर माझी मजुरी निम्म्यावर येते आणि काचही कमी वाया जाते. लग्नसराईत मात्र घाई करू नका. आषाढात दुकानं मोकळी असतात, तेव्हा चौकटी कापून घ्या. फ्रेम बंद मात्र पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवशी करा, नाहीतर दमट हवा आतच कोंडली जाते.

तयार फ्रेमांबद्दल विचारलंत. स्टेशनरीच्या दुकानात सर्टिफिकेटसाठी ए-४ मापाची फ्रेम मिळते, ती माझ्या मते सगळ्यात कामाची स्वस्त फ्रेम आहे. तिचं माप ८.२७ × ११.६९ इंच. तिच्यात ६ × ८चा फोटो माउंट (फोटोभोवतीचा, मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) लावून बसवला तर दोन्ही बाजूंना सव्वा इंचाच्या जरा आत आणि वर-खाली पावणेदोन इंचांच्या वर मोकळी जागा राहते. फोटोला श्वास मिळाल्यासारखा होतो. तुमचे मोबाइलवरचे सगळे फोटो असे करा. घेताना फ्रेम उलटी करून कोपरे दाबून पाहा, फटी पडत असतील तर दुसरी घ्या. काच आहे की पातळ प्लास्टिक, ते नखानं टकटक करून कळतं. प्लास्टिक असेल तर लहान मापाला चालतं, पण ओरखडे पडतात आणि पुसताना धूळ ओढून घेतं. आतला पुठ्ठा मात्र काढून टाका. का, ते पुढं सांगतो.

लॅमिनेशन हा आणखी एक स्वस्त प्रकार. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर फोटो डकवून वर मॅट फिल्म चढवतात, काच नाही, पट्टी नाही. सहलीच्या फोटोंना चालेल. अस्सल फोटोला कधीही नाही, कारण एकदा फिल्म चढली की ती उतरत नाही. आणि न्हाणीघराच्या भिंतीच्या मागच्या बाजूला लावू नका, एमडीएफची कड ओल धरून फुगते.

काच साधी २ मिलिमीटरची घ्या. चमक न दिसणारी काच महाग असते, आणि ती फोटोपासून जरा लांब बसली तर फोटो धुरकट दिसतो. १२ × १८च्या साध्या काचेचं वजन सुमारे ७०० ग्रॅम, २० × ३०ची काच दोन किलोच्या आसपास भरते. साधी काच ऊन थांबवत नाही, अतिनील किरण थोडेच अडवते. ते काम जागेनं होतं. दुपारनंतरचं ऊन थेट जिथे येतं ती भिंत रिकामी ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत रात्री नऊलाही हाताला गरम लागते. रंगीत फोटो तिथे दोन-तीन उन्हाळ्यांत फिके पडायला लागतात.

आता आत काय टेकतं ते बघू. इथे हात सैल सोडायचा.

पहिली गोष्ट, फोटो काचेला टेकू द्यायचा नाही. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात तो ओल धरून मऊ पडतो, मग वाळताना काचेला धरून बसतो. माउंट लावला की मध्ये फट राहते. माउंट नको असेल तर खाचेत लपेल एवढी माउंटबोर्डची चिंचोळी पट्टी काच आणि फोटो यांच्या मध्ये चारही कडांना लावून घ्या.

दुसरी, पाठ. जुन्या फ्रेमा उघडतो तेव्हा मागून वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा असं काहीही निघतं. पन्हाळी पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांनी फोटोवर रेघा-रेघांचे तपकिरी पट्टे उमटतात, अगदी पुठ्ठ्याच्या नाळींच्या अंतरानं. हार्डबोर्ड, एमडीएफसुद्धा आम्लच सोडतात, पण मजबुतीसाठी ते मागं लागतात. मग फोटो आणि त्यांच्या मध्ये आम्लविरहित बोर्डाचा एक थर घाला. संभाजीनगर, पुण्यात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात अशा माउंटबोर्डाचा मोठा ताव मिळतो, ३२ × ४० इंचांचा. दुकानदाराला ‘ॲसिड-फ्री’ असंच सांगा. एका तावातून ए-४ मापाचे ९ माउंट निघतात. प्रत्येक माउंटची खिडकी कापली की मधला चौकोन उरतो, तो फेकू नका, लहान फोटोंची पाठ त्याचीच होते. एवढं केलं की महाग वाटलेला ताव स्वस्त पडतो. काळा चार्टपेपर मात्र माउंट म्हणून वापरू नका, ओल लागली की त्याचा रंग फोटोवर उतरतो.

खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूनं ३ मिलिमीटर लहान कापा. तिरकी कड काढायला वेगळं कटर लागतं. घरी पोलादी पट्टी धरून सरळ कापलंत तरी छान दिसतं, फक्त कटरचं पातं दर दोन खिडक्यांनंतर मोडून नवं करा. बोथट पातं कोपऱ्यात कागद ओढतं.

तिसरी, चिकटवणं. सेलोटेप नको. ती पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. फोटो चिकटवायचाच नसतो, अडकवायचा असतो. पांढऱ्या कागदाचे चार त्रिकोणी कोपरे घडी घालून करा, फोटोचे कोपरे त्यात सरकवा आणि ते कागदी कोपरे पाठीला डकवा. फोटोला गोंदाचा थेंबही लागत नाही, आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात कागद थोडा हलतो त्याला वाव राहतो. डकवायला गव्हाच्या सत्त्वाची किंवा मैद्याची खळ उत्तम, पण अगदी थोडी, कारण खळीला कसर आणि झुरळं येतात. बाइंडर लोक त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका. तांब्याचा तो क्षार कागदाला आणि फोटोला दोघांनाही वाईट.

चौकट घरी कापायच्या फंदात पडू नका. ४५ अंशाला अर्धा अंश इकडेतिकडे झालं तरी चौथा कोपरा उघडा पडतो. दुकानातून फक्त रिकामी चौकट, कापलेली काच आणि मागची फळी घ्या, भरणं घरी करा. तिथे मजुरी वाचते. भरायचं असं. टेबलावर धुतलेली सुती चादर पसरा आणि पंखा बंद करा. काच दोन्ही बाजूंनी पुसा. फवारा काचेवर नाही, फडक्यावर मारा आणि काच पूर्ण सुकू द्या. मग पाठ, फोटो, माउंट, काच असा थर रचून तो उभा धरा आणि खिडकीच्या उजेडात तिरका करून बघा. केस, कापसाचा धागा, डास, काहीतरी असतंच. मऊ ब्रशनं काढा. कडांना टेप फिरवा, चौकटीत बसवा, उलटं करण्याआधी पुन्हा एकदा पुढून बघा. त्यानंतरच मागून चुका (बारीक खिळे) मारा. हातोडीऐवजी पक्कड घेऊन चूक आडवी दाबलीत तर काच तडकत नाही. शेवटी पाठीवर ब्राऊन पेपर ताणून चिकटवा. पालीची अंडी, कुंभारणीची घरं, धूळ, सगळं त्या कागदानं बाहेर राहतं.

पद्मपाणीचं पोस्टर ए-३ म्हणजे ११.७ × १६.५ इंचांचं असेल तर त्यालाही तयार फ्रेम मिळते. ते अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं चित्र, मातकट तांबडं आणि हिरवट. त्याला सोनेरी पट्टी नको, साधी गडद तपकिरी द्या. गुंडाळीत राहून पोस्टर वळलं असेल तर इस्त्री फिरवू नका, दोन स्वच्छ कागदांत घालून गादीखाली आठवडाभर ठेवा. लेकीची चित्रं खडूची किंवा कोळशाची असतील तर त्यांना काचच लावा. प्लास्टिकवर विजेचा भार साठतो आणि तो खडूची भुकटी वर ओढतो.

घरात, माळ्यावर, नातेवाइकांकडे जुन्या फ्रेमा असतील त्या मोडीत घालू नका. पूर्वी सागवानाच्या पट्ट्या असायच्या. वाळवी लागली नसेल तर पॉलिशपेपर मारून, जवसाचं तेल चोळून त्या नव्यासारख्या होतात. तेल पूर्ण सुकल्यावरच आत फोटो घाला. आत देवादिकांचं जुनं छापील चित्र असेल तर ते टाकण्याआधी खालची कड वाचा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथली चित्रं मराठवाड्यातल्या वाड्यांतही दिसतात. तसं काही निघालं तर फ्रेम न उघडता जाणकाराला दाखवा.

टांगताना फ्रेम भिंतीला पूर्ण टेकू देऊ नका. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बुटे चिकटवा, नसतील तर बाटलीच्या बुचाच्या चकत्या. मागून हवा खेळते, ओल धरत नाही, आणि वाळवीची माती चढायला लागली तर वेळेत दिसते. गच्चीच्या खालच्या नव्या भिंती पहिल्या पावसाळ्यात पाझरतात का ते आधी बघून घ्या. अस्सल काहीही वर्षभर तिथे लावू नका. मोठ्या फ्रेमला एक खिळा पुरत नाही. भिंतीत ड्रिल मारून प्लास्टिकची गिट्टी ठोका आणि दोन स्क्रूंवर टांगा, म्हणजे दार आपटल्यावर फ्रेम तिरकी होत नाही.

आता तो चिकटलेला फोटो. किल्लारीकडच्या एका गावातले गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्यांचं घर पडलं. ढिगाऱ्यातून आईचा एक फोटो हाती लागला, काच तडकलेली, पण फ्रेम शाबूत. ‘मामा, आईचा एवढा एकच हाय. काचंला चिकटलाय, निघंना झालाय.’ त्यांनी घरी एक कोपरा ओढून पाहिला होता. आईच्या पदराचा काठ काचेवर राहिला होता आणि तेवढ्या जागी कागद पांढराफटक. मी तो सोडवला नाही. काच बाहेरून पुसली, फ्रेम सावलीत सपाट ठेवली आणि वरून काचेतूनच फोटो काढून घेतला, फ्लॅश न लावता. तडा संगणकावर भरून निघाला, आणि काठ दुसऱ्या बाजूच्या काठावरून पुरा केला. नवी प्रत भिंतीवर आहे. अस्सल फोटो आजही त्याच तडकलेल्या काचेसकट डब्यात आहे.

तुमचाही तसाच राहू द्या. पाण्यात भिजवून, वाफ देऊन, ब्लेड सरकवून बघा असं कुणी सांगेल, ऐकू नका. लातूरला याल तेव्हा फ्रेमसकट आणा, पुढं-मागं पुठ्ठा लावून, काचेची बाजू खाली करून. काच वर करून धरलंत तर फोटो काचेला लोंबकळतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एखादी कड सुटते. बसमध्ये वरच्या कप्प्यात ठेवू नका, मांडीवर आडवा घेऊन बसा.